कुत्र्याचं मरण

सन १५४३, गोव्यातला पावसाळा. पोर्तुगीज त्याला हिवाळा म्हणतात, म्हणोत बापडे. मांडवीकाठच्या राजधानीत तुम्ही चिखल तुडवत निघालात. मेलेल्यांसाठी वाजणारी चर्चची घंटा थांबायलाच तयार नाही. मग ती एकाएकी गप्प होते. लोक धास्तावतात म्हणून गव्हर्नर मार्तिम अफोंसो द सोझानं घंटांवर बंदी घातलीय. रोगावर काही घालता आली नाही.

इस्पितळात शिरा. खाटेवरचा गडी सकाळी धडधाकट होता. आता उलट्या, न भागणारी तहान, पायांत गोळे, नखं काळी पडलेली. शंभरातले दहाही वाचत नाहीत, असं इतिहासकार गास्पार कोरेया लिहून ठेवणार आहे. गव्हर्नरच्या हुकमावरून वैद्यांनी एक प्रेत फाडलंय. वाकून बघा: जठर तेवढं आक्रसून सुरकुतलेलं, बाकी सगळं जागच्या जागी. वैद्य एकमेकांकडे बघतात. दारातल्या बाईला विचारलंत तर ती एका शब्दात सांगून मोकळी होते: मोडशी.

वीस वर्षं पुढे सरका. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताचा ग्रंथ गोव्यातच छापला जातोय. त्याच्या पानांत शिरलात की निरोप्या अवेळी धापा टाकत येतो आणि तुम्ही ओर्तामागून रोग्याच्या घरी पोचता. वाटेत तो नावं सांगतो. लॅटिन शिकलेल्यांचं ‘कोलेरिका पासिओ’, इथल्यांचं ‘मोर्शी’, आणि ते मोडूनतोडून पोर्तुगीजांनी केलेलं ‘मोर्देशी’. देशी वैद्य मिरी-जिरं घातलेली पेज पाजतात, पायांना डागही देतात. डागण्याचं सोडा, पण पेजेला हसू नका. तिनं निदान अंगातून गेलेलं पाणी तरी भरून निघतं; ते शिरेतून मीठपाण्यानं भरायला स्कॉटलंडचा डॉक्टर लॅटा १८३२ मध्ये उगवणार आहे.

आता अठरावं शतक, पूर्व किनारा. फ्रेंचांच्या कानावर ‘मोर्देशीं’ पडतं आणि त्यांना त्यात आपलीच भाषा ऐकू येते: ‘मोर द शियँ’, कुत्र्याचं मरण. ‘मोर’ लॅटिन ‘मोर्स’चा वंशज, ‘शियँ’ ‘कानिस’चा. मांडवीकाठच्या बाईचा शब्द असा लॅटिनच्या घराण्यात दत्तक गेला. मद्रासचे इंग्रज डॉक्टरही तोच लिहू लागतात. कुत्र्याचा संबंध काय, हे विचारायचा मोह आवरा.

१८१७ मध्ये बंगालातल्या जेसोरकडून साथ उसळते, तेव्हा सरकारी कागदांवर ‘कॉलरा मॉर्बस’ येतं आणि कुत्रं हळूहळू मागे पडतं. पुढे मराठीतही पटकी आणि कॉलरा रुळले. मोडशी अपचनापुरती उरली. आणि हो, कुणाची तरी जिरवण्यापुरती.