डांबरी रस्त्यांचा पुनर्वापर
झिजलेल्या डांबरी रस्त्याचा थर यंत्राने खरवडून त्यातील खडी व डांबर पुन्हा रस्त्यातच वापरण्याची पद्धत. खरवडलेल्या मालात वजनाने साधारण 4–5 टक्के डांबर असते, बाकी जवळजवळ सगळी खडीच. महाराष्ट्रात ही खडी मुख्यतः बेसाल्टच्या खाणींतून येते. जुना माल फेकून देणे म्हणजे नवी डोंगरफोड.

गरम पद्धतीत माल प्लांटमध्ये नव्या खडी-डांबरासोबत सुमारे 150–160° से. तापमानाला मिसळतात, इंधन येथेच सर्वाधिक जळते. शीत पद्धतीत फेसाळ डांबर किंवा डांबराचे इमल्शन जागेवरच मिसळता येते. त्यामुळे इंधन वाचते, डंपरच्या फेऱ्याही कमी होतात; वर नवा थर मात्र द्यावा लागतो. ऊन-हवेने जुने डांबर कडक झालेले असते. त्यामुळे जुन्या मालाचे प्रमाण चुकल्यास रस्त्याला तडे जातात आणि लवकर उखडलेला रस्ता सारी बचत गिळतो.

न खरवडता थरावर थर चढवत गेल्यास रस्ता उंबरठ्यांपेक्षा उंच होतो व पावसाचे पाणी घरांत शिरते. अशा पुनर्वापरासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी 120 ही मार्गदर्शिका 2015 पासून उपलब्ध आहे; रस्तेदुरुस्तीच्या प्रत्येक निविदेत तिचा विचार व्हायलाच हवा.