आंबोण, पान्हा आणि मुंबईची म्हैस

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस पेंडीवर आणि क्षारांवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. कारण साधं आहे. माझं लहानपण जोगेश्वरीत एका तबेल्याशेजारी गेलं. धार काढताना म्हशीपुढे भुसा भरलेलं रेडकाचं कातडं ठेवलेलं असायचं. ती ते चाटायची आणि पान्हा सोडायची. खरं रेडकू कुठे गेलं, असं विचारलं की आई विषय बदलायची. तो प्रश्न माझ्यासोबत राहिला.

पूरक आहारानं दूध वाढतं का, हा आजचा विषय. गाय असो वा म्हैस, शास्त्र बरंचसं सारखंच. पण आपल्या उपनगरांचा दुधाचा इतिहास प्रामुख्यानं म्हशीचा, म्हणून उदाहरणं तिचीच घेतो.

आधी एक भेद करू. दूध तयार होणं वेगळं आणि ते सुटणं वेगळं. तयार होतं ते खाण्यातून. चारा पोटातले सूक्ष्मजीव आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात. एका आम्लापासून दुधाची स्निग्धता बनते, दुसऱ्यापासून दुधातली साखर. ही साखर पाणी ओढून घेते, म्हणून दूध किती लिटर निघणार हे बरंचसं तिच्यावर ठरतं. सरकीची पेंड, चुणी, कोंडा यांचं आंबोण द्यायचं ते यासाठी. म्हशीच्या दर दोन लिटर दुधामागे साधारण एक किलो खुराक, शिवाय तिच्या स्वतःच्या पोषणासाठी किलो-दीड किलो, असा ढोबळ हिशेब सांगतात. पण दाणा फार वाढवला आणि वैरण कमी केली तर फॅट उतरतं, पोट बिघडतं. 'पूरक' या शब्दाचा अर्थच उणीव भरून काढणारं. जिथे उणीव नाही तिथे जास्तीचं शेणावाटे जातं.

आता पान्हा. कासेत तयार असलेलं दूध सुटायला मेंदूतून ऑक्सिटोसिन यावं लागतं. रेडकू समोर असलं, आंबोणाची पाटी दिसली, की ते येतं. रेडकू नसेल तर? पूर्वी शहरी तबेल्यांत 'फुंका' नावाचा प्रकार चाले. नळीनं जनावराच्या योनीमार्गात हवा फुंकायची. या क्रौर्याबद्दल वाचून गांधीजींनी 1912 साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. 1919च्या सुरुवातीला मुंबईत डॉ. दलालांनी दुधाचा आग्रह धरला, तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट काढली. पुढे 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12नं फुंका गुन्हा ठरवला. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारं इंजेक्शनही 1982च्या दुरुस्तीनं त्यात आलं. म्हणजे नळीच्या जागी सुई आली, हे कायद्यानं नंतर ओळखलं. पण सुई दूध तयार करत नाही, फक्त काढून घेते.

मग त्या रेडकाचं काय झालं? ते दूध पीत होतं, आणि शहरात दुधाला दाम होता. त्याची उपासमार व्हायची. आणि म्हशीचं? म्हशीच्या लिटरभर दुधात साधारण पावणेदोन ग्रॅम कॅल्शियम असतं. दहा लिटर देणारी म्हैस रोज सतरा-अठरा ग्रॅम बाहेर टाकते. विल्यानंतरच्या दिवसांत खाण्यातून तेवढं भरत नाही, तेव्हा ते हाडांतून येतं. ही उधारी ती नंतर फेडते, वेताच्या अखेरीस आणि भाकड काळात. रोज 50 ते 100 ग्रॅम क्षारमिश्रण द्या म्हणतात, ते याचसाठी. पण मुंबईतल्या कित्येक म्हशींना भाकड काळ मिळतच नसे. ताजी व्यालेली म्हैस गुजरात-हरियाणातून आणायची, एक वेत पिळायचं, आटली की खाटकाला विकायची. उद्या जी राहणारच नाही तिच्या हाडांची काळजी कोण करणार? पेंड भरपूर, क्षार कशाला, असा तो हिशेब. तबेलेवाला दुष्ट होता असं मी म्हणत नाही. शहरातल्या जागेत, विकतच्या वैरणीवर भाकड जनावर पोसणं त्याला परवडत नव्हतं.

दारा खुरोडींच्या पुढाकारानं 1949मध्ये गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली. 1,287 हेक्टर जागा, सुमारे 16,000 जनावरं. मोकळे गोठे, हिरवं पॅरा गवत. तबेल्यापेक्षा कितीतरी चांगलं. पण म्हैस खासगी मालकाचीच राहिली आणि भाकड म्हशीचा हिशेबही फारसा बदलला नाही.

दुसरी वाट खेडा जिल्ह्यात निघाली. म्हैस गावात, शेतकऱ्याच्या दारात. मुंबईला फक्त दूध येणार. ती भाकड झाली तरी दारातच राहणार, पुढच्या वेतासाठी. अमूलनं कंजारीला पशुखाद्याचा कारखाना काढला. त्याच्या उद्घाटनाला ऑक्टोबर 1964मध्ये लालबहादूर शास्त्री आले, जवळच्या खेड्यात रात्रभर राहिले, आणि त्या भेटीतून 1965मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ जन्माला आलं. पशुखाद्य आणि सहकार यांची ही गाठ मला योगायोगाची वाटत नाही. जनावर जिथे टिकणार असतं, तिथेच खुराकाचा विचार एका वेताच्या पुढे जातो.

तेव्हा पूरक आहारानं दूध वाढतं का? उणीव असेल तर वाढतं. पण त्याचा खरा लाभ पुढच्या वेतात दिसतो, आणि पुढचं वेत येऊ द्यायचं की नाही हे मालक, आणि मागून आपण गिऱ्हाईक, ठरवत असतो. स्वस्त दूध मागताना एवढं लक्षात ठेवावं. त्या भुशाच्या रेडकाबद्दल आईनं न दिलेलं उत्तर मला इतकंच सापडलं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.