नुसती सही करायची

मागं आमच्या गटातल्या एका ताईला भावाचा फोन आला. "तालुक्याला ये, बाबांच्या वारसाचं काम आहे, नुसती सही करायची." ताई निघालीच होती. आम्ही म्हटलं, आधी कागद बघू. बघितला तर हक्कसोडपत्र!

या सहीची गरज का पडू लागली, त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. आपल्या आज्यांच्या काळात विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मिळे तो हक्क बहुतेक हयातीपुरता. पिकवून खा, पण विकायचं तर अडचण दाखवा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बाई पुरी मालकीण झाली. तरी वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मानं हिस्सेदार नव्हतीच.

मधल्या काळात एक वेगळीच गोष्ट घडली. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं. पुढं शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली. नवऱ्यानं आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करायचा, आणि शंभर घरांनी केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त. कायद्याची सक्ती नसताना माणसांनी सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवलं, हे आम्हाला फार मोठं वाटतं. रानात राबणारी तीच होती, उताऱ्यावर मात्र ती कुठंच नव्हती.

१९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा दिला. पण २२ जूनच्या आधी लग्न झालेल्या त्यातून सुटल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लग्न झालेली, न झालेली, दोघींचा हिस्सा भावाइतकाच. त्या तारखेला वडील हयात हवेत का, हा वाद २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं मिटवला : नसले तरी चालेल. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी मात्र मोडत नाही.

म्हणजे आता बहिणीच्या सहीशिवाय जमीन बिनघोर विकता येत नाही. म्हणून तर साडीचोळी आणि गोड बोलणं! हक्क सोडायचाच असेल तर खुशाल सोडा, माहेर मोठंच असतं. पण काय सोडतोय ते ऐकून सोडा. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की कोर्टात गेल्याशिवाय मागं फिरत नाही.

कागद वाचून घ्यायला वकील लागतो, आणि वकिलाला पैसे कुठून आणायचे? तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्यानं बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १५१०० या नंबरवरही विचारता येतं. घर किंवा जमीन विकत घेतानाही असंच : चालू सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढून तिथंच दाखवून घ्या. तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आली तर ती चुलीमागं ठेवू नका, हरकतीला १५ दिवसच असतात.

आमची ताई दोघींना घेऊन त्या समितीत गेली. वकीलबाईंनी कागद मोठ्यानं वाचून दाखवला. ताईनं सही केली नाही. भावाला निरोप धाडला, वाटणी कर, मग बोलू. भाऊबीजेला तो आला नाही. ताईनं ताट मात्र करून ठेवलं होतं.