‘खाली’ म्हणजे नेमके कोठे?

कामगारांच्या अभ्यासवर्गात भूगोलाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. पायाखाली सरळ भोक पाडीत गेलो तर आपण निघू कोठे, आणि त्या भोकात उडी टाकणाऱ्याचे होईल काय? प्रश्न पोरकट वाटतो. पण त्याच्या पोटात एक फार जुना प्रश्न आहे. ‘खाली’ म्हणजे नेमके कोठे?

पहिले उत्तर नकाशाच देतो. मुंबईच्या बरोबर विरुद्ध बाजूस दक्षिण पॅसिफिक महासागर आहे. ईस्टर बेट तेथून सुमारे ९०० किलोमीटर दक्षिणेस. अंधेरीचा बोगदा समुद्राच्या तळाशी उघडेल. दुसऱ्या उत्तराला मात्र शतके लागली, आणि त्याचा एक धागा आपल्याच मुलखात सापडतो.

भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ वयाच्या ३६व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये रचला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापला. ही हकीकत सांगणारा तेथील शिलालेख मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांपुढे मांडला. या ग्रंथाच्या गोलाध्यायात आचार्यांचा युक्तिवाद असा आहे : पृथ्वीला आधार हवा म्हणता, तर त्या आधाराला आधार कोणाचा? शेवटी कोणीतरी स्वतःच्याच शक्तीने राहिले आहे असे मानावे लागते. मग ती पृथ्वीच का नव्हे? जड वस्तू ती आपल्याकडे ओढते, त्यालाच आपण पडणे म्हणतो. चोहोंकडे आकाश सारखेच असता ती स्वतः पडणार कोठे? पलीकडची माणसे पाण्यातल्या प्रतिबिंबाप्रमाणे उलटी आहेत, पण तीही आपल्यासारखीच स्वस्थ आहेत.

न्यूटनचा नियम आमच्याकडे आधीच होता, असे यावरून कोणी अभिमानाने सांगतात. ते खरे नाही. अंतराप्रमाणे ओढ किती बदलते, याचे गणित आचार्यांनी दिलेले नाही. पृथ्वी गोल आहे हेही आर्यभटाने त्यांच्या कितीतरी आधी सांगितले होते. पूर्वजांना त्यांचे खरे श्रेय दिले की पुरे.

बोगद्याचा विचार गॅलिलिओच्या १६३२ च्या ‘संवाद’ ग्रंथात आढळतो. मध्यापर्यंत वेग घेत गेलेला गोळा त्याच वेगाच्या जोरावर पलीकडे तितकाच वर चढेल, असे त्याने म्हटले. गणित आले न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथात. आपण आत उतरलो की आपल्या बाहेरच्या थरांची ओढ सर्व बाजूंनी एकमेकींना छेदून शून्य होते. उरते ती फक्त आतल्या गोळ्याची. म्हणून सर्वत्र सारख्या घनतेच्या पृथ्वीत अर्ध्या वाटेवर ओढ निम्मी होते आणि मध्यावर नाहीशी होते. तेथे ‘खाली’च उरत नाही! मात्र त्या क्षणी पडणाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर असतो, म्हणून तो थांबत नाही. पलीकडच्या तोंडाशी तो ४२ मिनिटांत पोहोचतो आणि कोणी धरले नाही तर झोपाळ्यासारखा परत येतो.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. बोगदा मध्यातून न नेता कोणत्याही दोन गावांमध्ये सरळ रेषेत नेला, आणि त्यात घर्षण नसले, तरी वेळ तीच ४२ मिनिटे! मुंबई–नागपूर बोगदा मध्यभागी सुमारे ९ किलोमीटर खोल जाईल. बोरिवली–मुलुंडचा जेमतेम ३ मीटर. त्याचा उतार तोंडाशी हजार फुटांना एक फूट, म्हणून गाडी गोगलगाईसारखी निघेल. अंतर कमी तसा उताराचा जोरही कमी; हिशेब बरोबर फिटतो.

खरी पृथ्वी सर्वत्र सारखी नाही. तिचा गाभा लोहाचा व फार दाट आहे, म्हणून आरपार पडण्याचा वेळ सुमारे ३८ मिनिटे येतो. आणि कागदावरचा बोगदा घाम न गाळता खणता येतो, जमिनीतला नाही. १८६३ मध्ये पुऱ्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गाला २५ बोगदे पाडावे लागले, आणि त्या कामावर हजारो मजूर मेले. भूकंपाच्या अभ्यासासाठी कोयनेच्या परिसरात २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोल विवर पाडले गेले. रशियातील कोला येथील विवर १९८९ मध्ये १२ किलोमीटरांपलीकडे गेले. मध्य आहे ६,३७१ किलोमीटरांवर. वाटेत हजारो अंशांची उष्णता आहे. हा बोगदा कोणी खणणार नाही.

तरीही हा प्रश्न वाया जात नाही. ‘खाली’ हे ठिकाण नव्हे, ती मध्याकडे जाणारी दिशा आहे, आणि ज्याची त्याची ‘खाली’ वेगळी आहे, एवढे तो शिकवितो. निसर्गाने कोणाला पृथ्वीच्या माथ्यावर आणि कोणाला तळाशी बसविलेले नाही. वरचा आणि खालचा हा भेद निसर्गनियमच आहे, असे आपल्याला कोणी सांगू लागला, तर त्याला पाटणच्या मठात जे शिकविले जाई त्याची आठवण द्यावी.