साध्या दिवसाचा फोटो

गटातल्या, ग्रामसंघातल्या सगळ्या ताई, मावशी, काकू, आज आपण फोटोंविषयी बोलणार आहोत.

लग्नाचे, बारशाचे, कर्ज मंजूर झालं म्हणून बँकेच्या दारात काढलेले गटाचे फोटो आपल्या सगळ्यांकडे आहेत. मला बोलायचंय ते साध्या दिवसाच्या फोटोंविषयी. राब भाजताना शेतातून उठणारा धूर, ओट्यावर वाळत घातलेला जवळा, खाडीवरची उघाडी, सकाळी पनवेलच्या बाजारात पाट्या घेऊन बसलेल्या भाजीवाल्या. यात फोटो काढण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. पण इतिहास पाहिला तर उलटंच दिसतं. पुढे जाऊन मोल आलं ते याच फोटोंना.

कॅमेरा आपल्याकडे फार लवकर आला. १८३९ साली फ्रान्समध्ये फोटो काढण्याची रीत जाहीर झाली आणि थोड्याच काळात ती हिंदुस्थानात पोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्यात साहेबलोक होते, तसे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी हेही होते. तेव्हा कॅमेरा म्हणजे पेटीएवढं धूड. सोबत काचा, औषधांच्या बाटल्या आणि अंधार करायला तंबू. फोटो निघेपर्यंत समोरच्याने हलायचं नाही. एवढा खर्च आणि खटाटोप श्रीमंतांना नाहीतर सरकारलाच परवडायचा.

गरिबांचे फोटो निघतच नव्हते असं नाही. १८५७ च्या उठावानंतर, ज्यांच्यावर राज्य करायचं ती माणसं ओळखीची व्हावीत, म्हणून इंग्रज सरकारने देशभरातल्या जातीजमातींचे फोटो गोळा केले. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने त्यांचे आठ खंड निघाले. त्यातल्या बहुतेक फोटोंखाली माणसाचं नाव नाही, जातीचं आहे. ती बाई कोण होती, तिला किती लेकरं होती, ती कोणतं काम करायची, हे कोणी तिला विचारलं नाही. फोटो तिचा आणि सांगणं दुसऱ्याचं.

आता होमाई व्यारावाला यांची गोष्ट ऐका. १९१३ साली नवसारीला जन्मलेली ही पारशी मुलगी मुंबईत वाढली आणि जे.जे. कला शाळेत शिकली. फोटो काढायला तिने माणेकशा यांच्याकडून शिकून घेतलं. पुढे त्यांच्याशीच तिचं लग्न झालं. मुंबईच्या बायकांच्या एका सहलीचे तिचे फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापले, एका फोटोला एक रुपया मिळाला. पुढे तिने मुंबईतल्या रोजच्या जगण्याचे, आपल्याबरोबर शिकणाऱ्या मुलींचे पुष्कळ फोटो काढले. पण मासिकात ते छापून यायचे माणेकशांच्या नावाने. बाईचं नाव तेव्हा चालत नव्हतं.

१९४२ साली होमाई दिल्लीला गेल्या. साडी नेसून, कॅमेरा खांद्याला लावून त्या सायकलवरून फिरायच्या. स्वातंत्र्य मिळालं त्या दिवसांचे, गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो त्यांनी काढले. भारतातली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, २०१२ साली त्या गेल्या. आज त्यांचे नेत्यांचे फोटो नावाजले जातात, तसे त्या काळच्या मुंबईचे साधे फोटोही अभ्यासक शोधून शोधून पाहतात. शिकणाऱ्या मुली तेव्हा कशा वावरायच्या, कशा हसायच्या, हे त्यांतून कळतं.

साध्या गोष्टींच्या मागे जन्मभर लागलेला एक माणूस पॅरिसमध्येही होता. युजीन अत्जे त्याचं नाव. शहर बदलत होतं, जुने वाडे पडत होते. हा माणूस पहाटे जड कॅमेरा घेऊन निघायचा आणि गल्ल्या, दुकानांच्या पाट्या, जिने, अंगणं, फेरीवाले, कचरा वेचणारे यांचे फोटो काढायचा. १९२७ साली तो वारला, तोवर तीसेक वर्षं त्याने हे काम केलं. तो फोटोच्या मागे ठिकाण लिहून ठेवायचा. म्हणून जी गल्ली आज जागेवर नाही, तिचाही पत्ता सापडतो.

हे सगळं सांगण्याचं कारण आपल्या पनवेलमध्येच आहे. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, महाराष्ट्रातल्या सर्वात जुन्यांपैकी एक. २०१६ साली ती महानगरपालिका झाली. शिरढोणला वासुदेव बळवंत फडके जन्मले, हे आपल्याला पाठ आहे. कर्नाळ्याच्या सुळक्याचे आणि तिथल्या पक्ष्यांचे फोटो हजारो निघतात. पण विमानतळासाठी जी दहा गावं उठली, त्यांचं काय? उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी ती गावं. तिथला उलव्याचा डोंगर कापून सपाट केला, उलवे नदीचा प्रवाह वळवला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. विमानतळाचे फोटो जगभर गेले. गावांचे कुठे आहेत?

जमिनीचा हिशोब कागदावर असतो. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. पण घराचा ओटा, पाणी भरायची विहीर, देवळासमोरचं वडाचं झाड, भाताची उडवी कुठे रचायची ती जागा, हे सातबाऱ्यावर नसतं. गाव उठलं की या गोष्टी फक्त आठवणीत राहतात आणि आठवण म्हाताऱ्या माणसांबरोबर जाते. त्यातही बायकांच्या कामाची नोंद आधीच कमी. लावणी कोणी केली, जवळा कोणी सुकवला, बाजारात कोण बसलं, हे कुठल्याच दप्तरात सापडत नाही.

कधी कधी तर निरोप घ्यायलाही वेळ मिळत नाही. पनवेलच्या शेजारी, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसं सापडलीच नाहीत. ठाकर समाजाच्या त्या वाडीतली कितीतरी घरं मातीखाली गेली. गडावर जाणारे लोक त्या वाडीतूनच चढायचे. त्यांनी काढलेल्या फोटोंत एखादं अंगण, एखादी पडवी अजून दिसत असेल. वाचलेल्या माणसांना आपलं घर पाहायचं झालं, तर परक्याच्या मोबाईलमध्ये शोधावं लागावं, यापरतं दुःख कोणतं?

म्हणून माझं सांगणं आहे की रोज एक फोटो काढा. गडकोटांचे फोटो काढायला पुष्कळ लोक आहेत. तुम्ही घरापासून चार पावलांवरचा काढा. पावसाळ्याआधी राब, मग रोपं, लावणी, झोडणी, थंडीत पोपटीचं मडकं. नदीचं पाणी कुठवर चढलं, कोणती वई तोडून भिंत बांधली, कोणत्या झाडावर बगळे बसतात. एकच जागा दर महिन्याला टिपली तरी वर्षभरात गाव कसं बदललं ते दिसेल.

आता कामाची गोष्ट. खूप घरांत मोबाईल नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असतो. तेव्हा गटातल्या ज्या दोघी-तिघींकडे फोन आहे, त्यांनी पाळी लावून घ्यावी. आपण इतिवृत्ताची वही लिहितोच, तशीच एक फोटोची वही ठेवायची. तारीख, ठिकाण, फोटोत कोण आहे आणि फोटो कोणी काढला, एवढ्या चार गोष्टी लिहायच्या. काढणारीचं नाव विसरायचं नाही. होमाईबाईंचं नाव छापून यायला वर्षं लागली, आपलं पहिल्या दिवसापासून यावं.

फोटो काढण्याआधी विचारा. नदीवर धुणं धुणाऱ्या बाईचा, दुसऱ्याच्या लेकराचा फोटो न विचारता काढू नका आणि विचारल्याशिवाय कोणाला पाठवू नका. स्टेटसला लावलेला फोटो २४ तासांत जातो आणि फोन बिघडला की आतलं सगळं जातं. म्हणून सहा महिन्यांनी गटाने बसून दहा फोटो निवडावेत, छापून घ्यावेत, मागे नावं लिहावीत आणि गटाच्या दप्तरात ठेवावेत.

फोटोला आता सरकारदरबारीही जागा आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकरी आपल्याच शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढतो आणि पिकाची नोंद सातबाऱ्यावर जाते. आपल्या हातचा फोटो पिकाची साक्ष देऊ शकतो, तर आपल्या जगण्याची का नाही?

येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की पाच मिनिटं काढा. वहीचं पहिलं पान आखा आणि आज कोण फोटो काढणार ते ठरवा. आपल्या नातींना हे गाव कसं होतं ते आपल्याच तोंडून कळू दे.