यमुनाकाठची शमी

इंग्रज लोक नाताळात दाराच्या चौकटीवर जी मिसलटोची डहाळी टांगतात, ती आपल्याकडे आंब्यावर दिसणाऱ्या बांडगुळाच्याच जातकुळीतली होय. गॉल देशातील ड्रुइड पुरोहित शुभ्र वस्त्रे परिधान करून ओक वृक्षावरचे हे रोप सोन्याच्या कोयत्याने कापीत, आणि त्याचे पेय वांझ जनावरांस गर्भदायक व सर्व विषांवर उतारा मानीत, असे प्लिनी या रोमन ग्रंथकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे. भूमीचा स्पर्श नसताना एका वृक्षाच्या अंगावर दुसरा जीव हिरवागार वाढतो, या दर्शनाने प्राचीन मन भारावून जावे हे स्वाभाविकच होते. आपल्या पूर्वजांनी असाच मान शमीवर वाढलेल्या अश्वत्थाला दिला. यज्ञाचा अग्नी ज्या अरणींच्या मंथनाने सिद्ध करावयाचा, त्या अशा शमीगर्भ अश्वत्थाच्या असाव्यात, असा श्रौत परंपरेचा दंडक आहे; आणि शतपथ ब्राह्मणातील कथा अशी की, गंधर्वांनी दिलेला अग्नी अरण्यात ठेवून पुरूरवा गावात गेला, तो परत येऊन पाहतो तर अग्नीचा अश्वत्थ झालेला आणि ज्या स्थालीत तो होता तिची शमी झालेली.

दसऱ्याला आपण जिचे पूजन करतो ती हीच शमी, आणि तिचे खरे माहेर सह्याद्रीच्या पावसाळी उतारांवर नसून दिल्लीच्या भोवतालच्या कोरड्या मुलखात आहे. हरियाणात तिला जांड किंवा जांडी म्हणतात, राजस्थानात खेजडी. पांडवांची राजधानी इंद्रप्रस्थ दिल्लीच्या जुन्या किल्ल्याच्या जागी होती असे परंपरा मानते, आणि ज्या विराटनगरीच्या स्मशानाजवळ शमीच्या ढोलीत त्यांनी अज्ञातवासापूर्वी शस्त्रे दडविली, ती नगरी म्हणजे अलवारच्या पलीकडचे बैराट, असेही परंपराच सांगते. तेव्हा ही कथा ज्या भूमीत घडली असे मानले जाते, त्या भूमीत आजही हाच वृक्ष उभा आहे, ही गोष्ट दक्षिणेतल्या भाविकाने एकदा तरी डोळ्यांनी पाहण्याजोगी आहे.

मुळे खोल जात असल्यामुळे भर उन्हाळ्यात, सारे रान करपलेले असता, हे झाड पालवी धरते. शेतकरी ते बांधावर राखतो, पाला गुरांना घालतो आणि शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी करतो. वैद्यकात शमीची साल तुरट व स्तंभक म्हणून अतिसारावर दिली जाते. चरकाने मात्र तिच्या फळाला गुरू, उष्ण आणि केसांचा नाश करणारे म्हटले आहे. १८६८-६९ च्या राजपुतान्यातील भीषण दुष्काळात हीच गोडसर साल दळून तिच्या भाकरीवर असंख्य लोकांनी प्राण जगविले. ज्या वृक्षाने एवढे केले त्याला देवत्व दिले गेले, यात अंधश्रद्धेपेक्षा कृतज्ञतेचा भाग अधिक आहे असे मला वाटते.

महाराष्ट्रात शमी सर्वत्र मिळत नाही. म्हणून शमीच्या अभावी अश्मंतकाची, म्हणजे आपट्याची, पूजा करावी अशी सोय धर्मशास्त्राने करून ठेवली आहे. काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० मध्ये पंढरपुरी सिद्ध केलेल्या धर्मसिंधूतही हाच विधी सांगितला आहे. पुढे राजा रघू आणि त्याच्याकडे गुरुदक्षिणेसाठी सोने मागणारा कौत्स यांची कथा आपट्याला चिकटली, त्याची पाने सोने ठरली, आणि बदलीचा वृक्ष मूळ वृक्षाहून लोकप्रिय झाला. वैद्यकाच्या अभ्यासकाला येथे एक पेच पडतो: चरकाने अश्मंतकाची गणना निवडुंग व रुई यांच्याबरोबर चीक असलेल्या वृक्षांत केली आहे, आणि आपट्याला तर चीक येत नाही. चरकाचा अश्मंतक वेगळाच असला पाहिजे. आपट्याची साल तुरट व ग्राही, पाने विड्या वळण्यास उपयोगी, आणि अंतर्सालीचे दोर चांगले होतात.

दसरा हा मराठ्यांच्या मुलूखगिरीचा मुहूर्त. पाऊस सरला, नद्या उतरल्या, वाटा सुकल्या आणि घोड्यांना चारा झाला की गावाच्या शिवेबाहेर जाऊन शमीपूजन करावयाचे आणि मोहिमेवर कूच करावयाचे, हा क्रम. दिल्लीत हिंगण्यांसारखे पेशव्यांचे वकील दरबारी राजकारण सांभाळीत, बातम्यांची पत्रे पुण्याच्या दप्तरात रुजू होत. पण फौजेसह मराठे या शमीच्या मुलखात दसऱ्याला उभे होते, तो शके १६८२ चा दसरा मनातून जात नाही. त्या दसऱ्याच्या काही महिने आधी, १० जानेवारी १७६० रोजी, दिल्लीच्या उत्तरेस बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. सदाशिवरावभाऊंनी ऑगस्टात दिल्ली घेतली, १७ ऑक्टोबरास यमुनाकाठचे कुंजपुरा सर केले, दत्ताजींच्या वधास कारण झालेल्या कुत्बशहाला तेथे देहदंड दिला, आणि अफगाण बादशहा अब्दालीसाठी साठविलेले धान्य हाती आल्याने उपाशी फौजेला अन्न मिळाले. दोनच दिवसांनी, १९ ऑक्टोबरास, त्याच मुक्कामी विजयादशमी आली. भाऊंचा मनसुबा तेथून कुरुक्षेत्राच्या तीर्थाला जाण्याचा होता. यमुनेला पाणी आहे, शत्रू पैलतीरी अडकला आहे, हा भरवसा होता. आणि २५ ऑक्टोबरास अब्दालीने बागपताजवळ नदीत फौज घातली, माणसे वाहून जात असताही उतार साधला, आणि मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन उभा राहिला. त्या दसऱ्याचे खरे सीमोल्लंघन सहा दिवसांनी शत्रूने केले. बुराडी, बागपत, जेथे या मोहिमेचा शेवट झाला ते पानिपत आणि कुंजपुऱ्याचा कर्नाल जिल्हा ही सारी स्थळे आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतात.

पुढे महादजी शिंद्यांना १७८४ मध्ये मोगल बादशहाकडून वकील-इ-मुतलकीची वस्त्रे मिळाली आणि मराठ्यांचा अंमल दिल्लीवर बसला. तो ११ सप्टेंबर १८०३ च्या पटपडगंजच्या लढाईने उठला.

दिल्लीकरांच्या दसऱ्यात शमीपेक्षा रामलीला मोठी. पण नवरात्रात घरी रुजविलेले जवाचे पिवळसर अंकुर बहिणी त्या दिवशी भावांच्या कानामागे खोवतात, आणि घटाचे धान टोपीत खोवणाऱ्या मराठी माणसाला ते पाहून परके वाटत नाही. जांडीचे महत्त्व हरियाणाच्या लग्नात उरले आहे: वरात निघण्यापूर्वी नवरदेव तलवारीने तिची फांदी तोडतो. पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनाभोवती जमणाऱ्या मराठी मंडळींना सोने हवे असते ते आपट्याचेच; आणि तो, ज्याला इकडे झिंझेरी म्हणतात, सहज हाती लागत नाही, तेव्हा रस्त्याकडेच्या कचनारावर भागविण्याचा मोह होतो. दोन्ही झाडांची पाने दोन पाळ्यांची. परंतु कचनाराचे पान मोठे व पातळ, आपट्याचे लहान, चिवट, रुंदीला लांबीपेक्षा अधिक आणि खालून राखी. माझा आग्रह असा की, कचनाराला ओरबाडण्याऐवजी येथल्या मराठी माणसाने शहराबाहेर जाऊन जांडी शोधावी. इंग्रजांनी दिल्लीच्या रिज नावाच्या टेकड्यांवर लावलेली विलायती कीकर दिसायला तिच्यासारखीच, आणि तिने या मुलखातील कित्येक देशी झाडांची जागा बळकावली आहे. पण तिचे काटे लांब आणि पानांच्या बेचक्यात जोडीने येतात, तर शमीचे आखूड, शंकूसारखे, फांदीच्या अंगावर विखुरलेले असतात. धर्मसिंधूने आपटा सांगितला तो शमीच्या अभावी. यमुनाकाठी तो अभाव नाही.