वस्तादाच्या हाताखाली

बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी आली की खिडकीतून नाणं टाकायचं काम क्लीनरचं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, ही शिंग्रोबाची कथा मला माझ्या वस्तादाने सांगितली. आणि त्याच दमात, ‘आता गाडी न्यूट्रलला टाकतो, तू मागनं कोण येतंय ते बघ,’ असंही सांगितलं. गाडीत कोल्हापूरच्या गुळाचे रवे होते आणि खोपोलीपर्यंतचा उतार समोर होता. गाडी शिकणं म्हणजे काय, हे माझ्या पिढीतल्या हजारो पोरांना अशा जागी कळलं. देवाला नमस्कार करणारा आणि डिझेलसाठी इंजिनाची पकड सोडणारा माणूस एकच होता, आणि तोच आमचा गुरू होता.

ही शाळा कुणी ठरवून काढलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या गाड्या माल वाहू लागल्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फार्गो आल्या, 1954 मध्ये जमशेदपूरला टेल्कोची मर्सिडीज-बेंझ निघाली. गाड्या झपाट्याने वाढल्या, पण त्या चालवणारा माणूस कुठे घडवायचा याचा विचार ना मालकांनी केला, ना सरकारने. मग जो चालवतो त्यानेच आपल्या हाताखालच्याला शिकवायचं, असं आपोआप होऊन गेलं. सातारा, सांगली, बीडकडच्या दुष्काळी गावांतली पोरं लाईनवर आली ती अशीच, कुणाच्या तरी ओळखीने, कुणाच्या तरी हाताखाली.

पहिलं वर्ष काचा पुसण्यात, ग्रीस मारण्यात, ताडपत्री बांधण्यात जायचं. गाडी चढावर थांबली की उडी मारून चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवायचा. टायरवर टॉमी आपटून आवाजावरून हवा ओळखायची. रात्री हौद्यात मालावर झोपायचं, म्हणजे चोरी होत नाही. पगार नावापुरता, जेवण वस्तादाच्या भत्त्यातून. मग कधीतरी, वस्तादाच्या मनात आलं तर, रिकाम्या गाडीचं स्टीअरिंग सरळ रस्त्यावर हातात मिळे. हे ‘मनात आलं तर’ फार महत्त्वाचं आहे. शिकवणं हे कुणाचं कर्तव्य नव्हतं, ती मेहेरबानी होती. आणि मेहेरबानी करणाऱ्याला ‘हे चुकतंय’ म्हणायचं कसं, हा प्रश्न प्रत्येक क्लीनरच्या छातीवर बसलेला असे.

न्यूट्रलचंच घ्या. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरून धरतं आणि ब्रेक कामापुरता लागतो. गाडी न्यूट्रलला टाकली की सगळं वजन ब्रेकवर येतं. ड्रम तापतात, लायनर जळाल्याचा वास येतो आणि तापलेलं लायनर धरत नाही. सारखा ब्रेक दाबून हवेचा काटा खाली येतो, आणि मंद चालणारं इंजिन ती हवा लवकर भरून देत नाही. हे सगळं वस्तादालाही ठाऊक होतं. पण मालक खेपेला डिझेल ठरवून देई, त्यातून वाचेल ते ढाब्यामागे विकून आलेले पैसे वस्तादाच्या घरी जात. त्याच्या पगारात घर चालत नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरीही मला वाटतं की शिकवणाऱ्याने स्वतःची गरज शिष्याच्या हाताची सवय करून टाकणं, हा या धंद्यातला सर्वांत मोठा अपराध होता. गरज संपते, पण हाताला लागलेली सवय तीस वर्षं गाडीबरोबर फिरते.

माझ्याबरोबरचा बीडकडचा एक पोरगा होता. खंबाटकी उतरताना वस्ताद शेजारी डुलक्या घेत होता आणि गाडी पोराच्या हातात होती. त्याने न्यूट्रल काढून गिअर टाकला. इंजिनाच्या आवाजाने वस्ताद जागा झाला. ‘तुला कुणी सांगितलं?’ एवढंच विचारलं आणि शिरवळच्या पुढे एका ढाब्यावर पोराला बोचक्यासकट उतरवलं. पुढे वर्षभर त्या लाईनवर त्याला कुणी गाडीवर घेतलं नाही. ‘वस्तादाच्या वर जातो’ हा शिक्का बसला होता. त्याचं बरोबर होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, वस्तादालाही असणार. आजही मला त्या पोराइतका चांगला ड्रायव्हर दुसरा आठवत नाही.

कायदा नव्हता असं नाही. 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा क्लीनरला नाव घेऊन कामगार म्हणत होता. मोठ्या माणसाला दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास. मूळ कायद्यात पंधरा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचंच नाही. पंधरा ते अठरामधल्याला सहा तासांपेक्षा जास्त नाही, आणि रात्री दहा ते सकाळी सहा मुळीच नाही. वाचलं की वाटतं, कुणीतरी हौद्यात झोपणाऱ्या पोराकडे बघून लिहिलंय. पण हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. एक-दोन गाड्यांचा मालक त्यातून सहज बाहेर राहिला, आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्या अशाच मालकांच्या होत्या.

त्यामुळे रात्र वस्तादाच्या मर्जीवर चालली. माल सकाळी वाशीच्या मार्केटात पोचायला हवा, वस्तादाचे डोळे मिटताहेत, मग ‘घे रे जरा’ म्हणून बिनलायसनच्या पोराच्या हातात भरलेली गाडी. पोराला आनंद, कारण शिकायला मिळतं ते याच वेळी. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार व्यापारी वाहन चालवायला वीस वर्षं पूर्ण लागतात, आणि बिनलायसनच्याच्या हाती गाडी देणाराही गुन्हेगार ठरतो. रस्त्यावर मात्र अपघात झाला की पहिला प्रश्न असे, चालवत कोण होतं? कधी वस्ताद पुढे होऊन ‘मीच’ म्हणे आणि तुरुंगात जाई. अशी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांना मी मानतो. कधी तो पोराला म्हणे, ‘तू पळ,’ आणि पोरगं रानातून चालत गावी जाई, ते पुन्हा कधी स्टीअरिंगला हात लावत नसे. त्याच कायद्याचं कलम 134 सांगतं की जखमीला मदत मिळवून द्या, जमावाच्या संतापामुळे अशक्य असेल तरच सूट. आम्हाला शिकवलेलं उलट होतं, आधी पळा आणि पुढच्या चौकीत हजर व्हा. जमावाने जाळलेल्या गाड्या पाहिलेल्या माणसाने ते शिकवलेलं असे, म्हणून त्याला नुसता भेकड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण रस्त्यावर पडलेला माणूस त्या शिकवणीत कुठेच नव्हता.

ओव्हरलोडचं थोडक्यात सांगतो. कळंबोलीला लोखंड भरताना पासिंग, म्हणजे परवानगीचं वजन, किती आणि काट्यावर किती, हे क्लीनर बघत असे, आणि नाक्यावर ‘एंट्री’चे पैसे घेऊन खाली तोच उतरत असे. लाच कशी द्यायची हे आम्ही रिव्हर्स घ्यायच्या आधी शिकलो. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जादा मालाविरुद्ध कडक आदेश दिले, 2018 मध्ये दोन आसांच्या गाडीचं एकूण वजन 16.2 वरून 18.5 टनांवर नेलं. पैसे घेऊन खाली उतरणारं पोरगं या कशातही कुणाला दिसलं नाही.

पुढे मी एसटीत लागलो आणि तिथे पहिल्यांदा पगारी शिकवणारा पाहिला. माझ्या डिझेलमधून त्याला काही मिळणार नव्हतं, माझ्या झोपमोडीत त्याची झोप नव्हती. उतारावर माझा हात गिअरकडे गेला की तो मान हलवे, बस. शिकवणाऱ्याचं पोट शिकणाऱ्याच्या चुकीवर अवलंबून नसलं की वाद उरतच नाहीत, हे मला तिथे समजलं.

20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालवाहू गाडीने वीसहून जास्त वाहनांना धडक दिली. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढे आलं. मला त्या ड्रायव्हरपेक्षा त्याला शिकवणाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे येत राहिला. 2024 च्या जानेवारीत अपघात करून पळणाऱ्यासाठी नव्या न्याय संहितेत ठेवलेल्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, पंपांवर रांगा लागल्या, सरकारने ते कलम थांबवलं. शिक्षेवर एवढं बोलणं झालं, पण पळून जायला कुणी शिकवलं आणि का, यावर मी एकही सभा ऐकली नाही.

आता कितीतरी गाड्यांवर क्लीनरच नसतो. नियमाप्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये व्यापारी वाहनासाठी तीस दिवस आणि त्यात पंधरा तास प्रत्यक्ष गाडी. पंधरा तासांत बोरघाट येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की लायसन मिळाल्यावरचं पहिलं वर्ष कुणाच्या शेजारी बसून काढलं, त्याची नोंद हवी. त्या शेजारच्या माणसाला शिकवण्याचा वेगळा भत्ता मालकाने द्यावा. आणि न्यूट्रल, जादा माल किंवा झोपेतली गाडी नाकारणाऱ्या पोराला ढाब्यावर उतरवलं, तर तक्रार घेणारा एक माणूस प्रत्येक जिल्ह्याच्या आरटीओत बसलेला असावा.